पितळी कड्याची एकशे दहा वर्षं

१९४६ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जॉन नॉस्लर मूसच्या शिकारीला गेला होता. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात त्याचा मालवाहू ट्रकचा धंदा होता. शिकार आणि नेमबाजी हे नाद. मूस हा हरणांच्या कुळातला सर्वांत थोराड प्राणी, वयात आलेला नर पाचशे किलोंच्या घरात सहज जातो. त्या दिवशी समोर आलेला नर चिखलात लोळून आलेला, आणि तो चिखल अंगावर वाळून त्याच्या ढलप्या झालेल्या. अंतर थोडं होतं. हातात .३०० हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम, म्हणजे त्या काळातली चांगली दणकट रायफल. नॉस्लरने बार टाकले, गोळ्या बसल्याही. पण त्या आत शिरेनात. चिखलाला आणि कातडीला लागता लागता फुटून त्यांचा चुरा होत होता.

रायफल कमी पडली असती तर प्रश्न सोपा होता, मोठी रायफल आणायची. इथे नेमकं उलटं घडलं होतं. गोळीला पेलवेल त्याहून जास्त वेग त्या काडतुसाने तिला दिला होता. जनावर लांब असतं तर तो वेग वाटेत उतरला असता आणि तीच गोळी आपलं काम नीट करून गेली असती. मॅग्नम काडतुसांचा सगळा इतिहास मला या एका प्रसंगात एकवटलेला दिसतो. जुनं मॅग्नम बरं की नवं, हा शिकाऱ्यांमधला पिढ्यान्‌पिढ्यांचा वाद आहे, आणि तो नेहमी पितळी पुंगळीच्या आकारावरून घातला जातो. खरं तर पुंगळी फारशी बदललेलीच नाही. बदलत गेली ती तिच्या पोटातली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी, आणि त्यांतले बरेच मोठे बदल घरातल्या टेबलाशी बसून स्वतःची काडतुसं भरणाऱ्या माणसांनी घडवले.

काडतुसात चारच वस्तू असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. दारूचं आणि गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. हे माप आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. इंग्रजांनी १८३३ साली हिंदुस्थानात तोळ्याचं वजन ठरवून दिलं ते १८० ग्रेन. .३० बोअरच्या मॅग्नम रायफलींत जी १८० ग्रेनची गोळी आजवर चालत आली, ती सोनाराच्या तराजूत टाकली तर बरोबर एक तोळा भरते. आणि मॅग्नम हा शब्द आला दारूच्या बाटलीवरून, म्हणजे पिण्याच्या. नेहमीच्या दोन बाटल्यांची वाइन मावते ती मॅग्नम बाटली. तिचं नाव इंग्रज बंदूककारांनी मोठ्या पुंगळीला दिलं.

या गोष्टीचं पहिलं प्रकरण लंडनमध्ये घडलं, पण घडलं ते हिंदुस्थान आणि आफ्रिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाघ, गवा, हत्ती यांच्यासाठी साहेब आणि संस्थानिक .४५० बोअरच्या दुनळी रायफली वापरत. १९०७ साली सरकारने हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० बोअरच्या रायफली आणि काडतुसं आणायला बंदी घातली. भीती अशी, की बंडखोरांच्या हाती पडलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना याच मापाची गोळी लागते, तेव्हा शिकाऱ्याचा माल उद्या शिपायाच्या छातीवर यायचा. लंडनच्या कारखानदारांनी लगोलग .४६५, .४७०, .४७५ अशी आजूबाजूची मापं काढली. आज आफ्रिकेत .४७० ची दुनळी मानाने वागवली जाते. तिच्या जन्माचं कारण मात्र कलकत्त्याच्या सरकारी दफ्तरातलं आहे.

त्याच १९०७ साली जिम कॉर्बेटने कुमाऊँमध्ये चंपावतची वाघीण मारली. ४३६ माणसांचा बळी घेतलेली ही वाघीण तपासली तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे तुटलेले निघाले. कोणाची तरी जुनी गोळी जबड्याला चाटून गेली होती. नेहमीचं सावज धरता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असं कॉर्बेटने लिहून ठेवलं आहे. काडतुसाची चर्चा करताना मी हे प्रकरण विसरू शकत नाही. बार चुकला तर जनावर पळून जातं; बार अर्धवट लागला तर त्याची किंमत भलत्याच कोणाला, गवत कापायला गेलेल्या बाईलासुद्धा, मोजावी लागते. गोळी आत कुठवर जाते आणि तिथे काय करते, हा प्रश्न म्हणून पोकळ हौसेचा नाही.

आता दारूकडे येऊ. त्या काळची इंग्रजी दारू म्हणजे कॉर्डाइट. फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर या दोघांनी ती १८८९ साली तयार केली. चहा गरम ठेवणाऱ्या थर्मासची मूळ कल्पना ज्याची, तोच हा ड्यूअर. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि थोडं व्हॅसलीन मळून त्याच्या शेवया पाडायच्या, वाळवायच्या आणि जुडीच्या जुडी पुंगळीत उभी घालायची. .३०३ च्या काडतुसात तर आधी जुडी भरत आणि मग पुंगळीची मान आवळत, कारण आवळलेल्या मानेतून जुडी आत गेली नसती. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ही काडतुसं बनत, आणि १९०४ पासून निलगिरीतल्या अरवनकाडूला खास कॉर्डाइटचा कारखाना होता.

कॉर्डाइटला एक खोड होती. उन्हात तापली की ती जास्त जोरात पेटे. लंडनच्या गारठ्यात सरळ वागणारं काडतूस चंद्रपूरच्या वैशाखात नळीत भलताच दाब करी. दाब वाढला की पितळ फुगून चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या बुडातल्या पोकळीला, घट्ट धरतं आणि रिकामी पुंगळी बाहेर येत नाही. समोर जखमी वाघ आणि पुंगळी बाहेर काढणारा बोल्ट ओढला तरी हलत नाही, ही कल्पना करून पाहावी. यावर उपाय होता पुंगळीचा आकार. जमिनीत ठोकलेला निमुळता खुंटा एका झटक्यात सैल होतो. सरळ खुंटा शेवटपर्यंत घासत येतो. म्हणून पुंगळी लांब, ऐसपैस आणि बुडापासून तोंडाकडे निमुळती करायची. आत जागा भरपूर असली की दाब आटोक्यात राहतो, आणि निमुळतेपणामुळे पुंगळी सुटते.

पण निमुळत्या पुंगळीला मानेखाली नीटसा खांदा नसतो, त्यामुळे ती चेंबरमध्ये कुठे थांबायची हे पक्कं राहत नाही. जुन्या दुनळी रायफलीत बुडाला बाहेर आलेला काठ असे, त्यावर ती अडे. मॅगझिनच्या रायफलीत मात्र एका काडतुसाचा काठ दुसऱ्याच्या काठात अडकतो. हॉलंड अँड हॉलंड कंपनीने मधली वाट काढली. बुडाचा काठ काढून खोबण ठेवली आणि खोबणीच्या वर पितळाचंच एक उठावदार कडं वळवलं. पुंगळी या कड्यावर अडते आणि मॅगझिनमधून अडखळत नाही. १९०५ च्या .४००/.३७५ काडतुसात हे कडं पहिल्यांदा दिसलं आणि १९१२ साली ज्या काडतुसाने त्याला जगभर नेलं ते .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम आलं. कड्याचा व्यास ०.५३२ इंच, म्हणजे साडेतेरा मिलिमीटर. वाचकाने हा आकडा लक्षात ठेवावा.

.३७५ ची ३०० ग्रेनची गोळी, म्हणजे पावणेदोन तोळ्यांना जराशी कमी, सेकंदाला अडीच हजार फुटांनी निघते. हरणापासून हत्तीपर्यंत एकच रायफल पुरते आणि सराव असलेल्या माणसाचा खांदाही तिचा धक्का सोसतो. आफ्रिकेतल्या अनेक देशांत आजही धोकादायक जनावरासाठी हेच किमान माप कायद्याने ठरलेलं आहे. एकशे दहा वर्षांत या काडतुसाला दुरुस्तीची गरज पडली नाही. माझ्या लेखी हे लंडनच्या कारागिरांचं सर्वांत मोठं काम आहे.

अमेरिकेतल्या बफेलो शहराचा एक वकील, चार्ल्स न्यूटन, त्याच सुमारास वेगळ्या वाटेने निघाला होता. कॉर्डाइट नको, कडंही नको. अमेरिकेत दाणेदार दारू मिळते, ती उन्हाने इतकी बिघडत नाही, तेव्हा पुंगळीच जाड करा, खांदा ठळक ठेवा आणि त्यावरच तिला अडवा. त्याची .२५६ आणि .३० बोअरची काडतुसं १९१३ च्या सुमाराची. विचार पूर्ण बरोबर होता. पण त्याच्या रायफली बाजारात येईपर्यंत १९१७ उजाडलं, अमेरिका महायुद्धात उतरली आणि कच्चा माल सरकारकडे गेला. न्यूटनचे कारखाने एकामागून एक बुडाले आणि १९३२ साली तो गेला. त्याची गोष्ट पुढे पुन्हा यायची आहे.

लंडनचं कडं अमेरिकेत उतरलं ते १९२५ साली, .३०० हॉलंड अँड हॉलंडच्या रूपात. .३७५ च्याच पुंगळीची मान आवळून तिला .३० बोअरची केलेली. उतरता खांदा, लांबलचक देह. दहा वर्षं हे काडतूस पैसेवाल्या शौकिनांपुरतं राहिलं. मग १९३५ साली ओहायोतल्या कॅम्प पेरीच्या मैदानावर बेन कम्फर्ट या नेमबाजाने त्याच्या जोरावर हजार यार्डांची विम्बल्डन चषक स्पर्धा जिंकली आणि सगळ्यांच्या माना वळल्या. १९३७ साली विंचेस्टरने आपली ‘मॉडेल ७०’ रायफल आणली, तेव्हा .३०० आणि .३७५ ही दोन्ही मॅग्नम तिच्यात मिळू लागली.

आणि मग दुसरं महायुद्ध आलं. शिकारीच्या काडतुसांचे कारखाने सैन्याच्या कामाला लागले, दुकानं रिकामी झाली. अशा टंचाईत माणूस हाताने करायला शिकतो. आयडाहो राज्यात व्हर्नन स्पीअर .२२ च्या वापरलेल्या पुंगळ्या गोळा करून त्यांच्यापासून गोळ्यांची वेष्टनं ठोकू लागला. कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टनने १९४३ साली त्याच कामासाठी साचे केले आणि त्यातून काडतुसं भरण्याच्या अवजारांची ‘आरसीबीएस’ कंपनी उभी राहिली. स्पीअरबरोबर काम केलेल्या जॉइस हॉर्नडीने १९४९ साली नेब्रास्कात स्वतःचा गोळ्यांचा कारखाना काढला. आजच्या या व्यवसायातली निम्मी मोठी नावं त्या टंचाईची लेकरं आहेत.

युद्ध संपल्यावर दारूची उलट तऱ्हा झाली, टंचाई गेली आणि ढीग उरले. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडनने आपल्या आयुर्विम्यावर कर्ज काढून सरकारची उरलेली दारू विकत घेतली आणि घरच्या घरी भरणाऱ्यांना स्वस्तात विकायला सुरुवात केली. तिच्यातली एक जात मॅग्नमसाठी वरदान ठरली. ‘४८३१’ ही दारू मुळात २० मिलिमीटरच्या ओर्लिकॉन तोफेची. चुलीत काटक्या भडकन पेटून विझतात, ओंडका सावकाश जळत शेवटपर्यंत आच देतो. मोठ्या पोटाच्या आणि अरुंद तोंडाच्या पुंगळीला असाच ओंडका लागतो. काटक्यांनी तिच्यात एकदम दाब चढतो आणि गोळी अर्ध्या नळीत असतानाच जोर संपतो. युद्धापूर्वी इतकी सावकाश जळणारी दारू सामान्य माणसाला सहज मिळत नव्हती. आता ती पोत्याने विकत घ्यावी इतकी झाली. मॅग्नमचं युग कोणत्या एका काडतुसाने सुरू झालं असं विचारलं तर मी तोफेच्या या उरलेल्या दारूकडे बोट दाखवीन.

त्या दारूचा सर्वांत धाडसी उपयोग करणारा माणूस म्हणजे रॉय वेदरबी. कॅन्ससमध्ये जन्मलेला, दक्षिण कॅलिफोर्नियात मोटार क्लबच्या विम्याची विक्री करणारा. त्याच्या एका शिकारीत हरीण जखमी होऊन हातचं गेलं आणि ते त्याच्या मनाला लागून राहिलं. वेग पुरेसा असला तर गोळीच्या धक्क्यानेच जनावर जागीच पडेल, हा विचार त्याने धरला तो आयुष्यभर. १९४३–४४ मध्ये त्याने .२५७, .२७० आणि .३०० ही आपली मॅग्नम काडतुसं घडवली आणि १९४५ साली साउथ गेट गावात दुकान थाटलं.

त्याने .३०० वेदरबी कसं घडवलं ते जवळून पाहण्यासारखं आहे. .३०० हॉलंडच्या निमुळत्या देहापेक्षा रुंद आणि सरळ भिंतींचा चेंबर त्याने कोरला. त्यात हॉलंडचं नेहमीचं काडतूस घालायचं. कड्यावर ते बरोबर अडतं, पुढचा देह चेंबरमध्ये सैल राहतो. चाप ओढला की आतल्या दाबाने पितळ फुगतं आणि चेंबरचा आकार घेतं, कुंभार मडकं थापतो तसं, फक्त आतून आणि क्षणात. बाहेर येते ती पुंगळी ओळखू येत नाही. निमुळतेपणा गेलेला, आणि खांद्याला दोन गोलाई आलेल्या. त्या वाढलेल्या पोटात जास्त दारू मावते. लंडनच्या कारागिरांनी वैशाखाच्या भीतीने जी जागा सोडून दिली होती, ती वेदरबीने कॅलिफोर्नियात परत मिळवली, कारण त्याच्याकडे कॉर्डाइट नव्हतं. तोळ्याची गोळी .३०० हॉलंडमधून सेकंदाला सुमारे २,८८० फुटांनी जायची, ती वेदरबीच्या काडतुसातून ३,२०० च्या पुढे गेली.

यावर अमेरिकी मासिकांमधून वर्षानुवर्षं रण पेटलं. जॅक ओ’कॉनर .२७० विंचेस्टरसारख्या हलक्या आणि वेगवान रायफलीचा भक्त. ‘आउटडोअर लाइफ’मध्ये लिहायचा, आणि वाघाच्या शिकारीसाठी भारतातही येऊन गेला होता. समोर आयडाहोचा एल्मर कीथ. त्याचं म्हणणं, गोळी जाड हवी, जड हवी, आणि हाड फोडून आरपार जायला हवी. ओ’कॉनर जास्त वाचला गेला. तरी माझा कौल पुष्कळसा कीथच्या बाजूने आहे, कारण तो बोलत होता ते गोळी जनावरात शिरल्यानंतरचं. वेगाचा आकडा नळीच्या तोंडाशी मोजतात. तिथे जनावर उभं नसतं.

इथे आपला नॉस्लर परत येतो. मूसच्या अंगावर गोळ्यांचा चुरा होताना पाहून तो घरी आला आणि रायफल बदलण्याऐवजी गोळीच्या मागे लागला. तेव्हाची गोळी म्हणजे तांब्याच्या वेष्टनात शिसं. ती फुलायला हवी, म्हणून पुढचं टोक मऊ ठेवायचं; पण फुलायला लागली की कुठे थांबायचं हे तिला कळत नसे. नॉस्लरने लेथवर तांब्याचा दांडा लावला आणि त्याला दोन्ही टोकांनी भोकं पाडली, मध्ये एक भिंत शिल्लक ठेवून. पुढच्या भोकात शिसं, मागच्या भोकात शिसं. गोळी लागली की पुढचा भाग फुलतो, फाटतो, हवा तर तुटूनही जातो; भिंतीपाशी सगळं थांबतं आणि मागचा निम्मा भाग अखंड राहून आत जात राहतो. १९४७ साली तो आणि त्याचा एक मित्र याच गोळ्या घेऊन पुन्हा मूसच्या मागावर गेले. दोघांनी एकेका बारात एकेक नर पाडला. १९४८ पासून ‘पार्टिशन’ या नावाने त्या विकायला आल्या आणि आजही विकल्या जातात. .३०० हॉलंडचं खरं वय मी तिथून मोजतो. १९२५ चं काडतूस, पण त्याला साजेशी गोळी मिळाली तेवीस वर्षांनी.

एवढं सगळं टेबलांवर घडल्यावर मोठे कारखाने जागे झाले. हॉलंडची पुंगळी फार लांब. तिच्यासाठी महागडी लांब यंत्रणा लागते. वाइल्डकॅट काडतुसं करणारे, म्हणजे कारखाना बनवत नाही ती मापं स्वतः घडवणारे लोक, ही पुंगळी आखूड कापून साध्या रायफलीत बसवत होतेच. विंचेस्टरने तेच केलं. १९५६ साली .४५८, १९५८ साली .२६४ आणि .३३८, १९६३ साली .३०० विंचेस्टर मॅग्नम. मधल्या १९६२ मध्ये रेमिंग्टनने ७ मिलिमीटर मॅग्नम आणून बाजार मारला. सगळ्यांच्या बुडाशी तेच साडेतेरा मिलिमीटरचं कडं. खांदा आता ठळक होता, त्यामुळे कड्याचं मूळ काम संपलं होतं. तरी ते राहिलं, कारण कडं म्हणजे मॅग्नम असं गिऱ्हाइकाच्या मनात बसलं होतं.

.३०० विंचेस्टरमधून तोळ्याची गोळी सुमारे २,९६० फुटांनी जाते. म्हणजे १९२५ ते १९६३ या अडतीस वर्षांत कमाई झाली ती ऐंशी फुटांची. शंभर पावलांवर उभ्या असलेल्या सांबराला तो फरक कळणार नाही. खरी कमाई आखूड, स्वस्त रायफलीची होती, आणि ती लहान नव्हती. ज्याला हॉलंड कधी परवडली नसती त्या शेतकऱ्याच्या, गिरणीकामगाराच्या हाती मॅग्नम आली. तिच्या बदल्यात काय गेलं हेही सांगायला हवं. या पुंगळीची मान इतकी आखूड आहे की लांब गोळीचं बूड दारूच्या जागेत घुसतं. घरी भरणारे गेली साठ वर्षं याच मानेबद्दल कुरकुरत आले आहेत, आणि तरी ते काडतूस जगभर सर्वांत जास्त भरल्या जाणाऱ्या मॅग्नमांत आहे.

.४५८ ची कथा मात्र कुरकुरीवर थांबली नाही. हत्ती-गव्यासाठी केलेल्या या आखूड पुंगळीत जड गोळी आणि पुरेशी दारू दोन्ही मावेनात. दारू दाबून दाबून बसवली गेली. अशी ठासलेली दारू काळाने धरते, तिचे खडे होतात आणि ती नीट पेटत नाही. आफ्रिकेतून तक्रारी येऊ लागल्या. १९५९ साली मोझांबिकमध्ये जॅक लॉट या अमेरिकी शिकाऱ्यावर जखमी रेडा उलटला आणि त्याला लोळवून गेला. लॉट वाचला, आणि बारा वर्षांनी, १९७१ मध्ये, त्याने आपलं काडतूस काढलं, .४५८ लॉट. त्यात नवं काही नव्हतं. १९१२ ची लांब पुंगळी, न कापलेली. कारखान्याने वाचवलेली ती बोटाच्या पेराहून कमी लांबी जंगलात किती महाग पडते, हे त्याच्या अंगाला समजलं होतं.

आता त्या टेबलाशी जरा बसू या. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र कायद्याने गुन्हा आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, म्हणून हे दृश्य आपल्या ओळखीचं नाही. कोकणात शेताच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणाऱ्याला मात्र ते लगेच कळेल, कारण बार स्वतः भरण्यातली धास्ती आणि माया दोन्ही त्याला ठाऊक असतात. अमेरिकेतला मॅग्नमवाला वापरलेली पुंगळी पुसतो, जुना प्रायमर काढतो, साच्यात दाबून तिला मूळ मापावर आणतो. आणि मग कड्याच्या वर, साधारण अर्ध्या बोटावर, बाहेरून एक चकचकीत रेघ दिसते का ते बघतो. दिसली तर तो एक बारीक तार घेतो, तिचं टोक वाकवतो आणि पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून वर ओढत आणतो. तार खाचेत अडखळली तर पुंगळी गेली; पुढच्या बाराला ती तिथे तुटेल.

ही खाच कड्यामुळेच पडते. पुंगळी कड्यावर अडते, त्यामुळे कारखाने खांद्यापुढची जागा सैल सोडतात. बार झाला की खांदा पुढे सरकतो आणि कड्यावरचं पितळ ताणून पातळ होतं. पुन्हा दाबून मागे आणलं, पुन्हा बार केला, की पुन्हा ताण. वायर दोन-चारदा वाकवली की तुटते, तसं. शहाणा माणूस साचा इतकाच खाली आणतो की पुंगळीचा खांदा चेंबरच्या खांद्याला जेमतेम टेकावा. मग ती खांद्यावर अडते, ताण पडत नाही आणि तीच पुंगळी कितीतरी बार टिकते. कडं राहतं, पण नुसतं अलंकारापुरतं. चार्ल्स न्यूटन १९१३ मध्ये हेच सांगत होता. पी. ओ. अ‍ॅक्लीसारख्या नावाजलेल्या बंदूककारांनीही नंतर तेच सांगितलं.

कारखान्यांनी कडं टाकायला शतक संपावं लागलं. १९९९ साली रेमिंग्टनने इंग्रजांच्या जुन्या .४०४ जेफ्रीच्या जाड पुंगळीवरून आपलं ‘अल्ट्रा मॅग्नम’ काढलं. लगेच विंचेस्टरने आखूड आणि जाड ‘शॉर्ट मॅग्नम’ आणलं. काही वर्षं नव्या नावांचा पूर आला आणि त्यांतली बरीच नावं आज दुकानात शोधून सापडत नाहीत. दारूच्या अशा थोड्या जास्तीसाठी जुन्या रायफली टाकून द्याव्यात, असं त्यांत फारसं काही नव्हतं.

नवं म्हणावं असं पुढच्या दोन दशकांत आलं, आणि पुन्हा एकदा ते गोळीकडून आलं. लेझरने अंतर मोजणारी यंत्रं शिकाऱ्याच्या खिशात आली. लांबचं अंतर बिनचूक कळू लागलं, तेव्हा वाऱ्याला न जुमानणारी गोळी हवी झाली: लांब, सुईसारखी टोकदार, वजनाला जड. लांब भोवरा उभा ठेवायला जोरात फिरवावा लागतो, तशी लांब गोळी स्थिर राहायला नळीतल्या आट्यांचे वेढे घट्ट लागतात. १९६२ च्या ७ मिलिमीटर मॅग्नमचा एक वेढा साधारण साडेनऊ इंचांचा. त्यात फार लांब गोळी डगमगते. शिवाय ती गोळी मॅगझिनमध्ये मावण्यासाठी खोल बसवावी लागते आणि दारूची जागा खाते. म्हणून हॉर्नडीने आधी गोळी ठरवली आणि तिच्याभोवती काडतूस बेतलं. २०१८ मध्ये ६.५ आणि .३०० पीआरसी, २०२२ मध्ये ७ मिलिमीटर पीआरसी. शेवटच्याचा वेढा आठ इंचांचा, मान लांब, गोळीला पुढे ऐसपैस जागा. १७५ ग्रेनची गोळी जुन्या ७ मिलिमीटर मॅग्नममधून सुमारे २,८६० फुटांनी जाते, नव्यातून ३,०००. आकड्यांत हा फरकही फार नाही. पण नवी १७५ ग्रेनची गोळी पाचशे यार्डांपलीकडे वेग आणि रेषा जशी राखते, तशी जुन्या शिशाच्या गोल टोकाला कधीच राखता आली नाही. घनदाट रानात, शंभर-दीडशे यार्डांत शिकार करणाऱ्याने मात्र आजोबांची .३०० हॉलंड विकून यातलं काही घ्यावं असं मला वाटत नाही. पार्टिशन गोळी भरली की ती रायफल पुरेशी तरुण आहे.

.३०० पीआरसीची पुंगळी ज्या पुंगळीवरून घेतली ती २००७ सालची .३७५ रुगर. रुगर आणि हॉर्नडी यांनी ती घडवताना कडं काढून टाकलं आणि सबंध देहच कड्याएवढा रुंद केला. बूडही तेवढंच ठेवलं: ०.५३२ इंच. कारण जगातल्या लाखो मॅग्नम रायफलींचे बोल्ट याच मापाचे कोरलेले होते, आणि ते बदलायची कोणालाही गरज वाटली नाही. हाताने काडतुसं भरताना पुंगळीचं बूड पकडायला एक छोटा पोलादी तुकडा लागतो, खोबण असलेला, रुपयाच्या नाण्याएवढा. आरसीबीएसच्या यादीत त्याचा क्रमांक ४. १९५० च्या दशकात कोणी .३७५ हॉलंडसाठी तो घेतला असेल, तर त्याच्या नातवाने २०२२ ची ७ मिलिमीटर पीआरसीची पुंगळी त्यात सरकवावी. ती खट्‌कन बसते.